दौलत, खासगी आणि मंदी

देवास हे नाव मराठी माणसाच्या कानावर सहसा दोन निमित्तांनी पडते. क्षयाच्या दुखण्यात कोरड्या हवेसाठी १९४८ साली तेथे गेलेले कुमार गंधर्व पुढे तेथलेच झाले, हे एक. आणि देशाच्या चलनी नोटा छापणारे सरकारी मुद्रणालय १९७४ मध्ये तेथे उभे राहिले, हे दुसरे. तिसरे निमित्त फारसे कोणी काढीत नाही. या देवासच्या थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार १९३३ साली यात्रेच्या नावाने संस्थानाबाहेर पडले, ते पुन्हा परतले नाहीत. फ्रेंचांच्या ताब्यातील पॉण्डिचेरीत त्यांनी आश्रय घेतला आणि १९३७ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. कोणा शत्रूने गढी घेतली नव्हती. संस्थानाचा जमाखर्च जुळेनासा झाला होता, आणि तो बाहेरच्या माणसाने तपासावा अशी वेळ येऊन ठेपली होती.

त्या काळी साऱ्या जगावर मंदीचे सावट होते. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात भाव कोसळले, आणि १९३१ च्या सप्टेंबरात खुद्द इंग्लंडला पौंडाचे सोन्याशी असलेले नाते तोडावे लागले. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एका बड्या आगबोट कंपनीचे अध्यक्ष आणि त्या कंपनीचे हिशेबतपासनीस असे दोघे गृहस्थ आरोपीच्या पिंजऱ्यात एकाच वेळी उभे होते. देवासचे महाराज आणि लंडनचे हे दोघे यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. कारण पैशाची चणचण आली म्हणजे खरे आकडे कोणी सांगावयाचे, आणि सांगणाऱ्याच्या अंगी ते बळ कोठून यावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

प्रथम देवासकडे वळले पाहिजे. मराठ्यांची सत्ता माळव्यात रुजली तेव्हा पवार घराण्याच्या वाट्याला धार आणि देवास ही ठाणी आली. देवास ज्यांना मिळाले ते तुकोजी आणि जिवाजी हे सख्खे भाऊ. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी वाटण्या केल्या, आणि एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे व दोन दरबार नांदू लागले. त्या वाटण्यांची नवलाई आजही सांगितली जाते. १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे थोरल्या पातीचा मुलूख ४४६ चौरस मैलांचा आणि वस्ती साधारण ६२ हजारांची. धाकट्या पातीचा मुलूख ४४० चौरस मैल आणि वस्ती ५५ हजारांच्या आत. म्हणजे एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे राज्य. त्यावर १५ तोफांच्या सलामीचा मान, राजाचा इतमाम, हत्ती, घोडे, मोटारी, पाहुणे, उत्सव आणि दानधर्म. हा सारा डोलारा मुख्यतः शेतसाऱ्यावर उभा होता.

या शेतसाऱ्याला पूर्वी एक भक्कम टेकू होता, तो अफूचा. माळव्याची अफू चीनपर्यंत जाई आणि धार, देवास, इंदूर, रतलाम या सर्व संस्थानांच्या शेतकऱ्याला व सावकाराला त्यातून रोख पैसा मिळे. १९०७ साली इंग्रज सरकारने चीनशी करार करून ही निर्यात वर्षागणिक कमी करीत नेण्याचे ठरविले, आणि १९१३ च्या सुमारास ती थांबली. धर्माच्या व माणुसकीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, हे निःसंशय. परंतु माळव्याच्या काळ्या जमिनीतून निघणारे सर्वांत नगदी पीक त्यामुळे गेले आणि त्या जागी कापसावर भिस्त वाढली. आणि कापूस म्हटले की लिव्हरपूलचा भाव आला. १९२९ नंतरच्या चार वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले. सारा मात्र रुपयांत ठरलेला. ज्या शेतकऱ्याला पूर्वी एक गाडी धान्य विकून सारा भरता येई, त्याला आता दोन गाड्या विकाव्या लागत. त्यातच रुपयाचा दर १९२७ च्या कायद्याने एक शिलिंग सहा पेन्सला बांधलेला होता, तो सरकारने हलू दिला नाही. शेवटी घरातले सोने बाजारात आले आणि मुंबई बंदरातून बोटी भरभरून विलायतेस गेले.

मंदीत हिशेबाचे नेमके काय होते, हे एका साध्या उदाहरणाने समजेल. समजा, धारच्या एका व्यापाऱ्याने शंभर रुपयांचा कापूस घेऊन वखारीत भरला. त्यापैकी सत्तर रुपये सावकाराचे, तीस पदरचे. वही सांगते: माल शंभरचा, देणे सत्तरचे, शिल्लक भांडवल तीस. आता भाव पडून तोच कापूस साठाचा झाला. व्यापाऱ्याने काही गमावल्याची एकही नोंद वहीत झालेली नाही. एक पैसाही गल्ल्यातून बाहेर गेलेला नाही. तरी खऱ्या अर्थाने तो दहा रुपयांनी बुडालेला आहे, कारण सारा माल विकूनही सावकाराचे सत्तर फिटत नाहीत. म्हणून हिशेबाच्या शास्त्रात जुना नियम आहे की, वर्षअखेरीस शिल्लक माल खरेदीच्या किंमतीस किंवा बाजारभावास, यांपैकी जो आकडा कमी असेल त्यास धरावा. नियम सोपा आहे. पण व्यापारी म्हणतो, ‘भाव दिवाळीनंतर चढणारच, आजच माल साठाचा दाखवला तर सावकार उद्या दारात उभा राहील.’ त्याचे म्हणणे खोटेच असते असेही नाही. भाव कधी कधी खरोखरच चढतो. आणि मुनीम तर त्याचाच नोकर. त्याने हट्ट कोणाच्या जोरावर धरावा?

जी गोष्ट मालाची, तीच येण्याची. तेजीत उधारीवर दिलेला पैसा वहीत पूर्ण किंमतीने उभा असतो. मंदीत त्यातला किती परत येईल हे देवालाच ठाऊक. संस्थानाच्या बाबतीत उधारीच्या ठिकाणी थकलेला सारा घालावा, म्हणजे झाले. दप्तरात मागणी म्हणून लिहिलेली रक्कम आणि पोतनिसाच्या हाती प्रत्यक्ष पडलेली रक्कम यांत भावांच्या घसरणीबरोबर अंतर पडत जाते, आणि पगार तर हाती पडलेल्या रकमेतूनच द्यावे लागतात.

तुकोजीराव महाराजांविषयी बरेच काही वाचावयास मिळते, याचे श्रेय दोन इंग्रजांना आहे. पहिले माल्कम डार्लिंग. सनदी नोकरीतले हे तरुण अधिकारी १९०७ मध्ये तुकोजीरावांचे शिक्षक म्हणून देवासला आले आणि जन्माचे स्नेही झाले. दुसरे प्रख्यात कादंबरीकार एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. ते डार्लिंग यांच्या ओळखीने तेथे प्रथम १९१२ च्या प्रवासात आले, आणि १९२१ मध्ये काही महिने महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले. त्या मुक्कामातील पत्रे त्यांनी १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापली. देवासच्या चामुंडेच्या टेकडीवरून पुस्तकाचे नाव घेतलेले आहे. फॉर्स्टर यांच्याकडे बागा, मोटारी, वीजघर, पाहुण्यांचा बंगला अशी खाती होती. त्यांनी जे पाहिले ते मोठ्या मिस्किलपणे लिहिले आहे. नवा राजवाडा अनेक वर्षे बांधला जात होता आणि तो पुरा होण्याआधीच ठिकठिकाणी मोडकळीस येत चालला होता. भोवती भूकंप होऊन गेल्यासारखा राडारोडा. नवेकोरे पियानो आणलेले, पण कोरड्या हवेने तडकून एकाचाही सूर लागत नव्हता. गोकुळअष्टमीचा उत्सव आठ दिवस चाले आणि महाराज स्वतः देहभान विसरून देवापुढे नाचत.

हे वाचताना हसू येते, पण महाराजांविषयी अनादर वाटत नाही. फॉर्स्टर यांना ते संतवृत्तीचे, बुद्धिमान आणि अत्यंत प्रेमळ वाटले, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. छत्रपती शाहू महाराजांचे ते जावई. पुढे पत्नीशी आणि नंतर युवराजांशीही त्यांचा बेबनाव झाला. १९२७ च्या अखेरीस युवराज देवास सोडून इंग्रज अधिकाऱ्यांच्या आश्रयास गेले. तेव्हापासून सरकारचा महाराजांवरील विश्वास उडाला, तो उडालाच. मंदी आली तेव्हा मदतीला जाणारे कोणी उरले नव्हते. हिंदुस्थान सरकारने संस्थानाच्या बिघडलेल्या कारभारात हात घालण्याची व चौकशीची भाषा सुरू केली आणि महाराजांनी पॉण्डिचेरीची वाट धरली. फॉर्स्टर यांनी याबद्दल राजकीय खात्याला दोष दिला आहे. मित्राच्या नात्याने त्यांनी तसे लिहिणे स्वाभाविक होते. परंतु त्यांच्याच पत्रांतला अर्धवट राजवाडा आणि बेसूर पियानो ही १९२१ सालची, म्हणजे मंदीच्या आठ वर्षे आधीची साक्ष आहे. पाऊस तोच, बाजार तोच, गावही तेच असता धाकट्या पातीच्या राजाला परागंदा व्हावे लागले नाही. धारेसही तसे घडले नाही; तेथे १९२६ मध्ये गादीवर आलेले आनंदराव पवार अल्पवयी असल्याने कारभार दुसऱ्यांच्या हाती होता आणि राजाच्या मर्जीने पैसा उधळण्याचा प्रश्नच नव्हता.

यात एक विलक्षण योगायोग आहे. महाराजांचे शिक्षक डार्लिंग पुढे पंजाबात सहकारी पतपेढ्यांच्या कामात रमले, आणि १९२५ मध्ये त्यांनी पंजाबच्या शेतकऱ्याची सुबत्ता व कर्ज या विषयावर एक ग्रंथ लिहिला. तो अजूनही वाचला जातो. त्यातील मुख्य निष्कर्ष लोकांना त्या वेळी चमत्कारिक वाटला: शेतकरी केवळ दारिद्र्यामुळे कर्जबाजारी होत नाही, सुबत्तेमुळेही होतो. जमिनीचे मोल वाढले की सावकार सढळ हाताने देतो, घेणारा सढळ हाताने घेतो, आणि ते कर्ज पुढे उतरत्या भावांच्या काळात फेडावे लागते. ज्या गृहस्थाने हा सिद्धान्त मांडला, त्याच्याच लाडक्या शिष्याचे राज्य आठ वर्षांनी त्या सिद्धान्ताचे उदाहरण ठरावे, याला काय म्हणावे!

आता कोणी म्हणेल की राजाला हिशेब विचारण्याची कल्पनाच मुळी साहेबाची. आपल्याकडे राजा म्हणजे विष्णूचा अंश. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. देवासपासून इंदूर अवघे बावीस मैल. तेथे होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन हिशेब होते. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ मध्ये पेशव्यांकडून खासगीची जहागीर मिळाली. राज्याचा वसूल तो दौलतीचा, आणि राणीच्या नावचा तो खासगीचा. अहिल्याबाईंनी देशभर मंदिरे, घाट, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीच्या पैशातून, असे आदराने सांगितले जाते ते याच भेदामुळे. एका थैलीतला पैसा दुसऱ्या थैलीत जाऊ नये, ही जाणीव माळव्याच्या मातीत होती. तिचे शब्दही मराठीच होते.

त्याहून महत्त्वाची व्यवस्था पेशवाईतील दरखदारांची. मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी अधिकारी असत. हे त्याचे मदतनीस खरे, पण त्याचे नोकर नव्हेत. त्यांचे हक्क वंशपरंपरेचे असत आणि मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. दिवाणाची निशाणी झाल्यावाचून हुकमाचा कागद पुरा होत नसे. मुजुमदाराने पाहिल्यावाचून हिशेब फडणिसाकडे जात नसे. मामलेदाराने गैरव्यवहार केला तर वर कळविणे हे दरखदाराचे काम. ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. दोघे संगनमताने खातही असत. परंतु खर्च करणारा एक आणि त्याच्या मर्जीवाचून जागेवर राहणारा तपासणारा दुसरा, हे मर्म तिच्यात होते. दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्यास सुरुवात केली आणि जास्तीत जास्त बोली करणाराच मालक झाला, तेव्हा या व्यवस्थेतला जीव गेला. विसाव्या शतकातील संस्थानांत पदे पुष्कळ ठिकाणी राहिली, पण ती धरणारे सारे राजाच्या मर्जीतले. ब्रिटिश हिंदुस्थानातील ऑडिटर जनरलला १९१९ च्या कायद्याने काहीसे स्वातंत्र्य मिळाले होते. संस्थानी दरबारास तसा बाहेरचा तपासनीस नेमणे कोणत्याही कायद्याने भाग नव्हते.

विलायतेत मात्र हिशेबतपासनिसांचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला होता. १८५४ मध्ये एडिंबरोच्या हिशेबनिसांना राजाची सनद मिळाली, म्हणून ते ‘चार्टर्ड’. इंग्लंडातील संस्थेला तीच सनद १८८० मध्ये मिळाली. या धंद्याची गोष्ट अशी की त्याचे पहिले मोठे काम दिवाळखोरांची मालमत्ता वाटून देण्याचे होते. लोकांची घरे बुडाली की यांच्या घरी दिवाळी. प्रेत आल्यावर बोलावले जाणारे हे वैद्य हळूहळू जिवंत कंपन्यांची नाडी पाहू लागले, आणि त्यालाही एक मोठी बुडवणूक कारण झाली. १८७८ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँकेने दरवाजे लावून घेतले. संचालकांनी वर्षानुवर्षे खोटे ताळेबंद छापले होते आणि ते तपासणारा स्वतंत्र माणूस नव्हता. भागधारकांची जबाबदारी अमर्याद असल्याने अठराशेहून अधिक भागधारकांपैकी बहुतेक धुळीस मिळाले. त्यांत विधवा होत्या, अविवाहित स्त्रिया होत्या. संचालक तुरुंगात गेले, आणि दुसऱ्याच वर्षी मर्यादित जबाबदारीच्या नव्या बँकांना हिशेबतपासणी सक्तीची करणारा कायदा झाला.

यानंतर प्रश्न आला की तपासनिसाने किती खोल पाहावे. १८९६ मध्ये किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्तींनी सांगितले की तो राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. त्या गिरणीचा व्यवस्थापक शिल्लक माल फुगवून सांगत आला होता, आणि तपासनिसांनी त्याच्या शब्दावर विसंबणे गैर नव्हते असे ठरले. धंद्याला हा निवाडा फार सोयीचा वाटला.

मग आला १९३१ चा रॉयल मेल खटला. लॉर्ड किल्सँट हे या आगबोट कंपनीचे अध्यक्ष. ‘टायटॅनिक’ ज्यांची होती ती व्हाइट स्टार लाइनही १९२७ मध्ये त्यांच्या समूहाने विकत घेतली होती. पहिल्या महायुद्धात कंपनीने अमाप कमावले आणि करांसाठी म्हणून मोठ्या रकमा बाजूला ठेवल्या. पुढे त्यांतल्या पुष्कळशा लागल्याच नाहीत. अशा रकमांना गुप्त गंगाजळी म्हणावे. युद्धानंतर नौकानयनाचा धंदा बसला, वर्षामागून वर्ष तोटा होऊ लागला; पण कंपनी दरवर्षी या गंगाजळीतून गुपचूप पैसा काढून नफ्यात मिसळी आणि लाभांश वाटी. भागधारक समजत की जहाजे कमावताहेत. हिशेबपत्रकात एवढेच आडवळणी शब्द असत की नफा करांच्या राखीव रकमांचा मेळ घातल्यानंतरचा आहे. गंगाजळी संपत आली आणि सरकारी हमीच्या कर्जाला मुदतवाढ मागण्याची पाळी आली, तेव्हा सरकारने सर विल्यम मॅक्लिंटॉक यांच्याकडून पाहणी करविली आणि पोकळी उघड झाली.

खटल्यात तपासनीस हॅरल्ड मॉर्लंड यांच्या बाजूने असे सांगण्यात आले की गुप्त गंगाजळी ठेवणे ही अनेक प्रतिष्ठित कंपन्यांची रीत आहे. नामवंत हिशेबतज्ज्ञांनी तशी साक्षही दिली. हिशेबाच्या आरोपांतून दोघेही सुटले. किल्सँट यांना शिक्षा झाली ती १९२८ च्या कर्जरोख्यांच्या माहितीपत्रकात दिशाभूल केल्याबद्दल, बारा महिने कैदेची. मॉर्लंड निर्दोष ठरले. परंतु त्यांच्या धंद्याची अब्रू शिल्लक राहिली नाही. एकही आकडा खोटा नव्हता आणि तरीही सर्व चित्र खोटे होते, हे सामान्य माणसाला पटवून देणे कठीण होते. राखीव रकमांतून काय काढले आणि काय घातले हे स्पष्ट दाखवावे, असा कायदा इंग्लंडात १९४७-४८ मध्ये झाला. सोळा वर्षे लागली. आपल्याकडे १९५६ च्या कंपनी कायद्यावर त्याची छाप आहे.

त्याच मंदीत हिंदुस्थानात एक चांगली गोष्ट झाली. मुंबई सरकारने १९१८ मध्ये हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली होती. १९३२ च्या नियमांनी सबंध देशासाठी हिशेबतपासनिसांची नोंदवही झाली, आणि १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंटांची आपली संस्था कायद्याने अस्तित्वात आली.

अशा काळात तपासनिसापुढे जो पेच उभा राहतो तो बाहेरून दिसतो तितका सोपा नाही. प्रत्येक ताळेबंदामागे एक गृहीत असते की हा धंदा निदान पुढील वर्षभर चालू राहील. धंदा चालू राहणार असेल तर यंत्राची किंमत एक, आणि मोडीत काढावयाचा असेल तर दुसरी. तपासनिसाला शंका आली तर त्याने ती लिहिली पाहिजे. पण बँकेविषयी अशी एक ओळ छापली गेली की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते, आणि जी बँक कदाचित तगली असती ती त्या ओळीनेच बुडते. न लिहावे तर ठेवीदार फसतात. २००७ च्या सप्टेंबरात इंग्लंडात नॉर्दर्न रॉक बँकेपुढे अशी रांग लागली. पुढल्या वर्षी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडसह मोठमोठ्या बँकांना सरकारने तारले. त्या सर्वांचे अगदी अलीकडचे हिशेब तपासनिसांनी बिनतक्रार पास केलेले होते. ब्रिटिश लॉर्डांच्या सभागृहाच्या समितीने २०११ मध्ये याबद्दल या धंद्याला खडसावले. आपल्याकडे जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून सात हजार कोटींहून अधिक रुपयांची लबाडी स्वतःच कबूल केली. त्यांनी ती कबूल केली, तपासनिसांनी पकडली नाही, हे विसरता कामा नये. कबुलीची वेळही मंदीचीच होती.

दुसरा पेच फीचा. मंदीत प्रत्येक कंपनी खर्च कापते, आणि तपासनिसाची फी हा खर्चच. तपासणी अधिक कसून व्हावी अशी वेळ आणि तिच्यासाठी कमी पैसे मिळण्याची वेळ एकच असते. शिवाय तीच पेढी त्याच कंपनीला सल्लागार म्हणून याहून मोठी बिले लावीत असेल, तर हिशेबातील पोकळीवर बोट ठेवणे जडच जाते. कॅरिलियन ही प्रचंड ब्रिटिश ठेकेदार कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली तेव्हा तिच्या अंगावर सुमारे सात अब्ज पौंडांची देणी आणि हाती रोख अवघे २ कोटी ९० लाख पौंड होते. रुग्णालये, शाळा, तुरुंग यांची कामे अर्ध्यावर राहिली. तिचे हिशेब वर्षानुवर्षे तपासणाऱ्या पेढीला २०२३ मध्ये २ कोटी १० लाख पौंडांचा दंड झाला. या निमित्ताने तेथे अनेक समित्यांनी शिफारशी केल्या. परंतु उद्योगांवर नवा बोजा नको, या कारणाने त्यांपैकी पुष्कळशा कायद्यात उतरल्याच नाहीत.

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने नोंदलेल्या कंपन्यांना एकच पेढी पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींपलीकडे सलग ठेवता येत नाही. मुदत संपण्यापूर्वी तपासनिसास दूर करावयाचे असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि त्यावर भागधारकांचा विशेष ठरावही लागतो. मामलेदाराला दरखदार काढता येत नसे, त्यासारखीच ही तरतूद आहे. मात्र दरखदाराचा हक्क वतनाचा असे. आजच्या तपासनिसाची फी अजून तीच कंपनी देते, जिच्या वह्या तो उघडून बसलेला असतो.